पोलिस ठाण्यातल्या नोंदीची प्रत कशी मिळवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयाच्या ओसरीवर आम्ही दोघंतिघं लोकांचे अर्ज लिहून द्यायला बसतो. सातबारा, रेशनकार्ड, पेन्शन असं काय काय येतं, पण सगळ्यात घाबरलेली माणसं येतात ती पोलिस ठाण्यातला कागद हवा असतो तेव्हा. त्यांची अडचण बहुधा एकच असते. कागद ठाण्यात असतो, पण तो कोणत्या नावाने मागायचा हे त्यांना ठाऊक नसतं. ‘आमच्या केसचे सगळे पेपर द्या’ म्हटलं की नाही म्हणणं सोपं जातं. ‘गु.र.नं. अमुक, घटनास्थळ पंचनाम्याची प्रत द्या’ म्हटलं की समोरच्याला रजिस्टर उघडावं लागतं. खालचे प्रश्न त्या ओसरीवर पुन्हा पुन्हा ऐकलेले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या पद्धतीला धरून दिली आहेत. मूळ कायदे देशभर तेच आहेत, पण माहिती अधिकाराचे नियम आणि शुल्क प्रत्येक राज्याचं वेगळं असतं.

ठाण्यात घटनेची नोंद नेमकी कुठे कुठे होते?

आधी हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

दखलपात्र गुन्हा असेल, म्हणजे चोरी, गंभीर मारहाण, फसवणूक वगैरे, तर एफआयआर नोंदवतात. तिला आपल्याकडे खबर किंवा फिर्याद म्हणतात आणि तिला गुन्हा रजिस्टर नंबर मिळतो. कागदावर तो ‘गु.र.नं.’ असा दिसतो. शिवीगाळ, किरकोळ धमकी अशी बाब असेल तर अदखलपात्र नोंद होते, तीच ती एनसी. अपघाती, संशयास्पद किंवा आत्महत्येचा मृत्यू असेल तर अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि तिचा क्रमांक वेगळा असतो. माणूस बेपत्ता असेल तर मिसिंगची नोंद. तुम्ही कागदावर लिहून दिलेली तक्रार ‘तक्रार अर्ज’ म्हणून आवक रजिस्टरला चढते.

या सगळ्यांशिवाय ठाणे दैनंदिनी असते. ठाण्यात तिला स्टेशन डायरी म्हणतात. कोण आलं, कोणाला आणलं, गस्तीची गाडी किती वाजता निघाली, कुठल्या भांडणाचा फोन आला, हे तिच्यात वेळेसह आणि अनुक्रमांकासह लिहिलेलं असतं. गुन्हा नोंदवलाच नाही अशा वेळी ही डायरीच तुमचा आधार ठरते. पोलिस तुमच्या गल्लीत येऊन गेले असतील तर त्याची नोंद तिच्यात असायला हवी.

मी फिर्याद दिली. प्रत फुकट मिळते का?

हो, एक पैसाही न देता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) प्रमाणे फिर्याद देणाऱ्याला किंवा पीडित व्यक्तीला एफआयआरची प्रत विनामूल्य आणि लगेच द्यायची आहे. ‘उद्या या’, ‘झेरॉक्स मशीन बंद आहे’ ही कायद्यातली कारणं नाहीत.

सही करण्याआधी फिर्याद वाचून दाखवायला सांगा आणि तारीख, वेळ, ठिकाण, चोरीला गेलेल्या वस्तूंची वर्णनं स्वतः तपासा. नंतरची दुरुस्ती पुरवणी जबाबातून करावी लागते आणि तिचं वजन कमी पडतं. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असेल तरी तुमची खबर घ्यावीच लागते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

‘अर्ज ठेवून जा, बघतो’ असं सांगितलं. आता?

अर्ज जरूर ठेवा, पण पोच घेतल्याशिवाय उठू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हवा. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. हा आवक क्रमांक हाती असला की पुढे माहितीच्या अधिकारात ‘या अर्जावर काय केलं’ हे विचारता येतं. तो नसला तर ‘असा अर्ज प्राप्त नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं. अशी उत्तरं मी इतक्यांदा पाहिली आहेत की हल्ली आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न पोचेचाच विचारतो.

दखलपात्र गुन्हा दिसत असताना एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सांगितलं आहे. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या संहितेत आहे. तेवढे दिवस गेले तरी हालचाल नसेल तर पोलिस अधीक्षकांकडे लेखी जा, शहरात राहत असाल तर आयुक्तालयात. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

एनसीची प्रत घेऊन काय उपयोग? पोलिस तर तपास करत नाहीत.

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय अदखलपात्र प्रकरणात पोलिसांना तपास करता येत नाही, हे खरं आहे. तरीही प्रत घ्याच. शेजाऱ्याचा किंवा नवऱ्याचा त्रास वर्षानुवर्षं चालतो तेव्हा एकेक एनसी साठत जाते आणि उद्या मोठा गुन्हा घडला तर त्याच कागदांवरून त्रास आधीपासून होता हे दिसतं. एक बाई आमच्याकडे सहा एनसी घेऊन आल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत नीट तारीखवार लावलेल्या. पुढे वकिलांनी त्याच लावून न्यायालयात अर्ज केला.

एफआयआर इंटरनेटवर पाहता येते का?

बऱ्याच वेळा येते. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला की एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी. इंटरनेटची अडचण असेल तर ४८ तास, आणि दुर्गम भाग असेल तर फार तर ७२ तास. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआरचा विभाग आहे. तिथे जिल्हा, पोलिस ठाणं आणि तारखा टाकून शोधता येतं. गु.र.नं. माहीत असेल तर काम दोन मिनिटांत होतं.

लैंगिक गुन्हे, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारख्या संवेदनशील प्रकरणांची एफआयआर तिथे टाकत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पीडित व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पण पोर्टलवर नाही म्हणून पीडितेला किंवा फिर्यादीला प्रत नाकारता येत नाही. त्यांचा विनामूल्य प्रतीचा हक्क कायम असतो.

माझ्यावर गुन्हा दाखल झालाय असं ऐकलं. मला प्रत मिळेल?

मिळेल. वरच्याच आदेशात आरोपीची सोय केलेली आहे. ठाण्याकडे किंवा अधीक्षकांकडे अर्ज करून ठरलेलं शुल्क भरलं की २४ तासांत प्रत द्यायची असते. एफआयआर न्यायालयात पोचली असेल तर तिथून दोन कामकाजाच्या दिवसांत. संवेदनशील म्हणून प्रत दिली नाही तर अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे लेखी दाद मागता येते. हे काम स्वतः ठाण्यात जाऊन करण्याआधी वकिलांशी बोला. पुढे दोषारोपपत्र दाखल झालं की एफआयआर, जबाब, पंचनामे अशी सगळी कागदपत्रं आरोपीला न्यायालयातून विनामूल्य मिळतात. नव्या संहितेत त्यासाठी हजर झाल्यापासून १४ दिवसांची मुदत आहे, आणि वकिलामार्फत बाजू मांडणाऱ्या पीडितालाही हा हक्क मिळाला आहे.

अपघाताच्या दाव्यासाठी कागद हवेत. कुठून सुरुवात करू?

हा प्रश्न मला माझ्या घरातून कळला. माझ्या मामाला सोलापूर रस्त्यावर ट्रकने उडवलं. मामी चार वेळा ठाण्यात गेली आणि चारही वेळा ‘ताई, साहेब बंदोबस्ताला गेलेत’ एवढंच ऐकून परत आली. पाचव्या वेळी मी बरोबर गेलो आणि कागदांची यादी लिहून नेली. ठाणे अंमलदाराने ती वाचली आणि समोरच्या कपाटातूनच फाईल काढली. मामीने चार वेळा मागितलं होतं ते ‘अपघाताचे पेपर’ या नावाने. तिचं काही चुकलं नव्हतं, तिला कुणी यादी सांगितलीच नव्हती.

ती यादी अशी: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मृत्यू झाला असल्यास मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल, जखमी असल्यास जखमांचं प्रमाणपत्र, वाहनाचा आरटीओ तपासणी अहवाल, धडक देणाऱ्या गाडीचं नोंदणीपत्र, चालकाचा परवाना आणि गाडीची विमा पॉलिसी. शेवटचे तीन कागद पोलिसांनी तपासात गोळा केलेले असतात आणि दाव्यात त्यांच्यावाचून अडतं, कारण भरपाई कुठल्या विमा कंपनीकडून मागायची हे त्यावरूनच ठरतं.

२०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत पोलिसांनी पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असतो, आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल. ठाण्यात गेल्यावर ‘सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का, कोणत्या तारखेला’ असं विचारा. हे नाव घेतलं की बोलण्याची पद्धतच बदलते. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा अशी तरतूद कायद्यात आहे, तेव्हा एखादा कागद राहिला म्हणून दावा थांबवू नका. राहिलेला कागद न्यायाधिकरणामार्फत मागवता येतो.

माहितीच्या अधिकारात अर्ज कसा लिहायचा?

महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ चा नमुना आहे. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी. प्रतींसाठी पानाला २ रुपये लागतात. राज्याच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. माहिती का हवी हे सांगायची गरज नाही, कुणी विचारलं तरी नाही.

महाराष्ट्राच्या नियमात दोन अटी आहेत ज्यांवर बरेच अर्ज अडकतात: एका अर्जात एकच विषय, आणि अर्ज साधारण १५० शब्दांत. म्हणून गाऱ्हाणं लिहू नका. गाऱ्हाण्याची जागा तक्रार अर्जात. इथे फक्त कागदांची नावं लिहा. आम्ही लिहून देतो तो मजकूर असा असतो:

‘विषय: माझ्या दि. ___ च्या तक्रार अर्जावरील (आवक क्र. ___) कार्यवाही. कालावधी: दि. ___ ते आजपर्यंत. हवी असलेली माहिती: १) सदर अर्जावर नोंदवलेले जबाब, टिपण्या व पत्रव्यवहार यांच्या साक्षांकित प्रती. २) दि. ___ रोजी रात्री ८ ते ११ या वेळेतील, ___ चौकातील घटनेसंबंधीच्या ठाणे दैनंदिनीतील नोंदींची साक्षांकित प्रत. ३) अर्ज निकाली काढला असल्यास तो अहवाल व मला कळवल्याचे पत्र. ४) वरील अभिलेखांचे अवलोकन करण्याची परवानगी.’

‘का’ या शब्दाने सुरू होणारा प्रश्न टाळा. ‘गुन्हा का नोंदवला नाही’ याला कागद नसतो, म्हणून उत्तरही येत नाही. ‘गुन्हा नोंदवू नये असा अभिप्राय ज्या टिपणीत आहे तिची प्रत’ याला कागद असतो.

चौथा मुद्दा लोक गाळतात, पण तो फार कामाचा आहे. समोर बसून फाईल पाहिली की कोणती पानं हवीत ते कळतं आणि पहिल्या तासाला शुल्कही नसतं. दोनशे पानांऐवजी अकरा पानं घेऊन लोक घरी गेलेत.

अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. ते कोण आणि प्रथम अपिलीय अधिकारी कोण, हे कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी घाबरू नका. पाच दिवसांत तो योग्य जागी वर्ग करणं त्यांचं काम आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, म्हणजे मुलाला उचलून नेलंय आणि कुठे ठेवलंय ते कळत नाही अशी वेळ असेल, तर ४८ तास. तसं अर्जाच्या डोक्यावरच ठळक लिहा.

‘तपास सुरू आहे, माहिती देता येत नाही’ असं उत्तर आलं. संपलं का सगळं?

नाही. माझ्या मते या एका वाक्याने जितकी माणसं घरी परत पाठवली आहेत तितकी दुसऱ्या कशानेच नाहीत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

माहितीच्या अधिकाराच्या कलम ८(१)(ज) मध्ये, इंग्रजी प्रतीतलं ‘एच’, असं म्हटलंय की ज्या माहितीमुळे तपासाला, आरोपीला पकडण्याला किंवा खटल्याला अडथळा येईल ती नाकारता येते. ‘अडथळा येईल’ हे शब्द महत्त्वाचे. तपास चालू असणं आणि माहिती दिल्याने तपास अडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये हेच सांगितलं: नुसता तपास सुरू आहे हे कारण पुरत नाही, अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने दाखवायला हवं.

म्हणून असं उत्तर आलं की ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ मध्ये पहिलं अपील करा. त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मुद्दे दोनच लिहा. एक, अडथळा कसा येईल याची कारणं दिलेली नाहीत. दोन, कलम १० प्रमाणे जो भाग नाकारायचा तो वगळून किंवा काळा करून उरलेला द्यायला हवा होता. साक्षीदाराचं नाव झाकून डायरीतली नोंद देता येते. अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. तिथेही नकार आला तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाची खंडपीठं पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशी विभागवार आहेत. आयोगात वेळ लागतो, तेव्हा तेवढ्या काळात तक्रारीचा दुसरा रस्ता, म्हणजे न्यायदंडाधिकारी, अडवून ठेवू नका. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपयांप्रमाणे, २५,००० रुपयांपर्यंत दंड लावू शकतो.

काही गोष्टी मात्र खरोखरच मिळत नाहीत. तपासी अंमलदार लिहितो ती केस डायरी त्यातली एक, आणि ठाणे दैनंदिनीशी तिची गल्लत करू नका. खबऱ्याची ओळख किंवा कुणाच्या जिवाला धोका होईल अशी माहितीही नाही. राज्य सरकारने अधिसूचनेने वगळलेल्या गुप्तवार्ता आणि सुरक्षा शाखांना हा कायदा लागू नाही, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन यांच्या आरोपांसंबंधीची माहिती त्यातून सुटत नाही.

फिर्यादी म्हणून मला तपासाचं काय झालं ते कळायला नको?

कळायलाच हवं. तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवावी, असं संहितेच्या कलम १९३ मध्ये लिहिलेलं आहे. मोबाइलवरचा संदेशही चालतो. नव्वद दिवस उलटले आणि काही आलं नाही तर याच कलमाचा उल्लेख करून एक साधं पत्र द्या, पोच घेऊन.

‘तुमच्या केसमध्ये समरी झाली’ म्हणजे काय?

तपास संपवून पोलिसांनी प्रकरण बंद करायची परवानगी न्यायालयाकडे मागितली. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा आहे, पण गुन्हेगार सापडला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. ‘क’ म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. घरफोडीच्या विमा दाव्यात कंपनी बहुधा ‘अ’ समरीचा कागद मागते. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने भगवंत सिंग प्रकरणात १९८५ मध्येच सांगितलं आहे. न्यायालयाची नोटीस आली तर तारीख चुकवू नका. समरी अहवालाची प्रत न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळते.

दुसऱ्याच्या प्रकरणाची माहिती मागता येते का?

एफआयआर पोर्टलवर असेल तर ती कुणीही पाहू शकतं. दोषारोपपत्राचं तसं नाही. ते सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सौरव दास प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं. त्रयस्थाची वैयक्तिक माहिती नाकारण्याची माहिती अधिकार कायद्यातली सूटही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीने रुंदावली आहे. तरीही माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) प्रमाणे जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, आणि ते जनहित अर्जदाराने मांडावं लागतं.

वस्तीत चोऱ्या वाढल्यात का हे पाहायचं असेल तर नावं हवीतच कशाला? ‘मागच्या तीन वर्षांत अमुक ठाण्याच्या हद्दीत नोंदलेल्या घरफोड्यांची महिनावार संख्या आणि उघड झालेल्या गुन्ह्यांची संख्या’ एवढं मागा. ठाणी दर महिन्याला असे आकडे वरिष्ठांना पाठवतात, त्या विवरणपत्रांच्या प्रती मागितल्या की ‘माहिती संकलित स्वरूपात नाही’ ही सबब उरत नाही.

ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण मागता येतं?

मागता येतं, पण घाई करा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रीकरण १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपायला सांगितलं. प्रत्यक्षात ‘चित्रीकरण उपलब्ध नाही’ हे उत्तर फार ऐकू येतं. ठाण्यात मारहाण झाली असेल तर त्याच आठवड्यात दोन कागद द्या. एक, अमुक दिवशी अमुक वेळेचं चित्रीकरण जपून ठेवावं असं पत्र अधीक्षकांना किंवा आयुक्तांना. दुसरा, माहिती अधिकाराचा अर्ज. आणि सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या.

‘जुनी फाईल सापडत नाही’ म्हणतात.

जुने अभिलेख ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात हे खरं, पण त्याचीही नोंद ठेवावी लागते. तेव्हा ‘सदर अभिलेख नष्ट केल्याच्या आदेशाची व यादीची प्रत द्यावी’ असा पुढचा अर्ज करा. यादी नसेल तर फाईल असायलाच हवी, किंवा ती गहाळ झाल्याची जबाबदारी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे कुणावर तरी येते. प्रकरण न्यायालयात गेलेलं असेल तर तिथली फाईल वेगळी असते. ठाण्यात निराशा झाली तरी नक्कल विभागात एकदा विचाराच.

मोबाइल किंवा कागदपत्रं हरवलीत, एवढंच आहे.

सिटीझन पोर्टलवर हरवल्याची नोंद करा. नवीन सिमकार्ड किंवा दुय्यम कागदपत्रांसाठी ती प्रत सहसा चालते. हँडसेट बंद करायला संचार साथी पोर्टलवरही हीच प्रत जोडावी लागते. चोरी झाली असेल तर मात्र ‘हरवला’ असं लिहून देऊ नका, कुणी कितीही सुचवलं तरी.

मी दुबईत, आईवडील रत्नागिरीला. तिथूनच करता येईल?

माहितीचा अधिकार भारतीय नागरिकाला आहे, तो कुठे राहतो यावर अवलंबून नाही. पारपत्र भारतीय असेल तर राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करा. फिर्यादीची विनामूल्य प्रत ज्याने फिर्याद दिली त्याला किंवा पीडित व्यक्तीलाच देतात, म्हणून ती आईवडिलांनी घ्यावी, किंवा त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत देऊन गावातल्या कुणाला पाठवावं. त्या माणसाच्या हाती कागदांची नावं लिहिलेली यादी द्या, दोन प्रतीत. एकीवर पोच घेऊन यायला सांगा.